मिटल्या डोळ्यांचा गुण

आमच्या घरात कोणाला काय झालंय, हे दुखणेकऱ्याला सोडून सगळ्यांना कळतं. माझी धाकटी जाऊ शर्टांच्या कारखान्यात कापड कापते. तिला चकरा यायला लागल्या, मोठ्या दुकानात शिरली की छातीत धडधड, तेव्हा घरानं एकमतानं ठरवलं, मनाचं आहे. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधीच विचारलं, “टेन्शन घेता का?” ती म्हणाली, “आता घेतेय.” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

आमच्या वन्सं श्वासाचा वर्ग चालवतात. त्यांनी तिला डोळे मिटून बसवलं. थोड्या वेळात चक्कर गेली.

“बघ! मन शांत, चक्कर पसार. म्हणजे रोग मनातच.”

“पण वन्सं, डोळे उघडले की परत येते हो.”

“तेच तर! जगाला घाबरतेस तू.”

देवाचं नाव डोळे मिटून घेता येतं; कापड मात्र उघड्या डोळ्यांनीच कापावं लागतं. आणि तिथंच गाडं अडलेलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर तिला एका पट्टीच्या दोन दिसत. (“मन दुभंगलं की तसं होतं,” इति वन्सं.) खिसे वाकडे गेले तेव्हा मालक म्हणाला, “पुढचा माल बिघडला तर बाई, तुम्ही बटणांवर बसा.” वर्षानुवर्षं बटणं लावून तिनं ते कापणीचं टेबल मिळवलं होतं. घरी येऊन ती जेवलीच नाही.

“भूकही गेली,” वन्सं समाधानानं म्हणाल्या. “लक्षणं जुळतायत.”

माझ्या चष्म्याची काडी तुटली म्हणून मी तिला सोबत घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. तिथली डोळे तपासणारी मुलगी काडी सोडून हिच्याकडेच बघत राहिली.

“ताई, मान नेहमी अशीच कलती धरता?”

“लाजरी आहे ती,” मी म्हटलं. कलती मान आम्ही आजवर नम्रतेत धरली होती.

मुलीनं तिचा एक डोळा झाकला. “आता?”

“थांबलं,” धाकटी हळूच म्हणाली. “सगळं थांबलं.”

तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा वर बघत होता. दोन्ही चित्रं एकावर एक बसवता बसवता दिवसभर जीव मेटाकुटीला यायचा. चक्कर त्याची, आणि धडधड चक्करेची. खास काचांचा चष्मा झाला.

तो लावून तिनं पट्ट्यांचा सगळा माल कापला. मालकानं खिसे उलटसुलट करून पाहिले आणि काही बोलला नाही. तो चूक सापडली तरच बोलतो. टेबल तिचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वन्सं हजर. “शेवटी माझ्या श्वासाचाच गुण आला!”

“तर काय,” म्हणत धाकटीनं चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. “बघा तरी, कसाय.”

वन्संनी भिंतीला हात टेकला. “अगं बाई! जमीन कुठं चालली? मला काहीतरी होतंय गं!”

“ताई,” धाकटीचा नवरा चहाचा कप खाली ठेवत कळवळून म्हणाला, “कसली काळजी लागलीय का तुला?”

“चष्मा द्या इकडे,” धाकटी म्हणाली. “मला कामावर जायचंय.”