जिजाबाईच्या मापाची पायरी

लढाईतला तो जुना ट्रक मी लिलावात घेतला आणि वर्षभरात त्याचं सोनं केलं. रेडिएटरपुढे जाळी लावली, ताडपत्रीला ठिगळं दिली, हॉर्न तर असा बसवला की सेलूपर्यंतचे बैल बुजायचे. माझ्या हाताला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाही.

छप्पनच्या दसऱ्याला आमची वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी माझी सासू जिजाबाई ट्रक बघायला आली. मागचा फाळका उघडला, तरी ट्रकचा तळ तिच्या छातीला लागत होता.

"फिकर नाई. आम्ही उचलून घेऊ," मी म्हणालो.

"मी का कापसाचं गाठोडं आहो?"

मी चिडलो. पण बैलगाडीच्या चाकाची मोडकी लोखंडी धाव वाकवली, तिच्यावर बाभळीची फळी ठोकली आणि ट्रकला पायरी टांगली. टुणकन चढून दाखवलं.

तिनं पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"ही तुमच्या पायाची झाली, जावईबापू. पाटलाच्या ओट्याखाली उभी राहून जिंदगी गेली माही. ही पायरी तरी माह्या मापाची करा."

मी बोल्ट काढले. तिच्या गुडघ्याच्या उंचीचं माप दोरीवर घेतलं आणि एकीच्या जागी दोन पायऱ्या केल्या.

सकाळी पांढरं लुगडं सावरत ती सगळ्यांत आधी चढली. आधाराला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

"हात कायले देता?" ती वरून म्हणाली. "गाडी चालवा."