खरं रडणं

विद्यापीठाच्या सिनेमा विभागातली पोरं तिला रीळबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि मनातून तिला ते आवडलंही होतं. कारण दिवसभर ती जुन्या सिनेमांच्या डब्यांतच बुडालेली असे. जगभरच्या सिनेमांत लहानपण कसं दाखवतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. कुठल्या देशातली पोरं पडद्यावर सारखी धावत असतात, कुठली नुसती खिडकीपाशी बसून राहतात, कुठल्या सिनेमात मोठ्या माणसांची डोकी चौकटीबाहेर राहतात आणि पोराला दिसतात ते फक्त बूट आणि हात, हे ती रंगात येऊन तासन् तास सांगू शकायची. जेवायला बसलं तरी तेच. शेवटी ठमी, म्हणजे तिची सात वर्षांची लेक, म्हणायची, "आई, आता खऱ्या पोरीला भाजी वाढ."

या अभ्यासात तिला वाट दाखवली ती सरांनी. सर म्हणजे मोठं प्रस्थ. तरुणपणी त्यांनी लहान मुलीवर एक सिनेमा काढला होता आणि तो देशोदेशी गाजला होता. त्यात शेवटाकडे एक प्रसंग आहे. एक मुलगी बंद दारासमोर उभी राहून रडते. बाकी काही नाही. ना संवाद, ना हालचाल. पण ते रडणं बघून दगडालाही पाझर फुटावा. रीळबाईने त्या रडण्यावर पानंच्या पानं लिहिली होती. 'पडद्यावरचं सगळ्यात खरं लहानपण' असे तिचे शब्द होते आणि ते चार ठिकाणी छापूनही आले होते.

सर मृदू बोलायचे. आवाज कधी चढला नाही. लहानथोर सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे, रीळबाईलासुद्धा. इतक्या वर्षांनी ते पुन्हा सिनेमा करायला उभे राहिले, आणि एकदा विभागात आले असताना त्यांची नजर ठमीवर पडली. ठमी तेव्हा जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती.

"ही माझी मुलगी," सर म्हणाले. म्हणजे त्यांच्या सिनेमातली.

रीळबाईला आकाश ठेंगणं झालं. ठमीचा बाबा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिला आवडत असेल तर करू दे. पण तू जात जा सोबत." सोबत जाणं काही जमणार नव्हतं. सरांचा नियमच होता, आईबापांनी शूटिंगच्या जागी थांबायचं नाही. मुलं बिचकतात म्हणे. सकाळी गाडी यायची, एक सहायिका ठमीला घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. ठमी खुशीत होती. तिला पिवळा फ्रॉक मिळाला होता आणि मेकअपवाली तिला रोज वेगळी वेणी घालून द्यायची.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी विभागात मोठे पत्र्याचे डबे येऊन पडले. सरांचा जुना स्टुडिओ पाडणार होते, तिथल्या माळ्यावर सापडलेली रिळं होती ती. गाजलेल्या सिनेमातून कापून टाकलेले तुकडे. रीळबाईने दार लावून घेतलं आणि पहिलंच रीळ संकलनाच्या टेबलावर चढवलं.

आवाज नव्हता. आवाज वेगळा धरलेला असतो, तो कधीच हरवला होता. नुसतं चित्र. बंद दार आणि दारासमोर ती मुलगी. पण ती रडत नव्हती. नाकात बोट घालून इकडेतिकडे बघत होती, कंटाळली होती. मग चौकटीत एक माणूस आला. तरुणपणीचे सर. ते गुडघ्यावर बसले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. फार वेळ नाही. एखादं वाक्य असेल. मुलगी त्यांच्याकडे बघून हसली, त्यांनी मान हलवली. नाही, थट्टा नाही, अशी. मग ते उठून बाजूला झाले.

त्यानंतरचं रीळबाईला पाठ होतं. तो चेहरा तिने शंभरदा पाहिला होता. फक्त आधी काय झालं ते पाहिलं नव्हतं.

आणि नंतरचंही पाहिलं नव्हतं. सिनेमात तो प्रसंग संपतो, पण रिळात तो संपतच नव्हता. मुलगी दारावर मुठी आपटत होती, खाली बसली होती, तिचा फ्रॉक ओला झाला होता, आणि तिला उचलायला कोणी येत नव्हतं. कॅमेरा चालूच होता. कडेला कोणाची तरी सावली होती, तीही हलली नाही.

रीळबाईने टेबल बंद केलं. हा अभिनय नव्हता. एवढं तिला एवढे सिनेमे बघून कळत होतं, आणि हेच आधी का कळलं नाही, हे मात्र तिला कळेना.

ती मुलगी आता याच शहरात दातांची डॉक्टर होती. सिनेमात पुन्हा कधी दिसली नाही, मुलाखत कोणाला दिली नाही. रीळबाईने पूर्वी दोनदा विचारलं होतं, दोन्हीदा नकार आला होता. या वेळी तिने विचारलंच नाही. रिक्षा केली आणि थेट दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

डॉक्टर एका लहान मुलाच्या हिरडीत सुई टोचण्याच्या तयारीत होती. "हे दुखणार आहे," ती त्या मुलाला सांगत होती. "जरा वेळ चांगलंच दुखेल. मग थांबेल. टोचू?" मुलाने डोळे गच्च मिटून मान डोलावली. त्याची आई बाजूला कुरकुरली, "अहो, मुंगी चावेल एवढंच म्हणायचं ना!" डॉक्टरने तिकडे लक्षच दिलं नाही.

पेशंट गेल्यावर रीळबाईने आपण कोण ते सांगितलं. डॉक्टरचा चेहरा कोरा झाला. "मी त्या विषयावर बोलत नाही."

"मी रिळं पाहिली," रीळबाई म्हणाली. "आधीची आणि नंतरची. त्यांनी तुमच्या कानात काय सांगितलं?"

डॉक्टर हातमोजे काढत होती, ती थांबली. मग खुर्ची ओढून बसली.

"तुझी आई मेली, म्हणाले. आत्ताच मेली, या दाराच्या पलीकडे."

बाहेर कोणीतरी बेल वाजवली. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

"आणि आई?"

"खरंच दाराच्या पलीकडे होती. चहा दिला होता तिला. तिला सगळं ऐकू येत होतं. बाहेर यायचं नाही, असं कबूल करून घेतलं होतं तिच्याकडून. तिला वाटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे." डॉक्टरने मोजे टोपलीत टाकले. "ती बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे गेलेच नाही. मला वाटलं, आई गेली आणि ही दुसरीच कोणीतरी आणून उभी केलीय. कितीतरी दिवस मी तिच्या हातचं खाल्लं नाही. जाऊ दे. तुम्हाला आता हे कशाला हवंय? अजून एक लेख लिहायचाय?"

"नाही हो. माझी मुलगी आहे त्यांच्या नव्या सिनेमात."

डॉक्टरने मान वर केली. "किती वर्षांची?"

"सात."

"त्यांनी तुम्हाला विचारलं का, हिचा जास्त जीव कोणावर आहे?"

आदल्याच दिवशी रीळबाईला सरांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते सहज म्हणाले होते, "ठमीचा जीव कोणावर गं जास्त, बाळ? बाबावर की तुझ्यावर?" आणि ती केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती, "माझ्यावरच!"

"माझ्या आईला विचारलं होतं," डॉक्टर म्हणाली. "आदल्या दिवशी."

रीळबाई जिना कसा उतरली ते तिचं तिला कळलं नाही. सहायिकेचा फोन बंद. सरांचा बंद. चित्रीकरण चालू असलं की सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करतात, हे तिला ठमीनेच कौतुकाने सांगितलं होतं. रिक्षावाल्याला ती सारखी म्हणत होती, जरा लवकर घ्या, जरा लवकर. त्याने आरशातून पाहिलं. "दवाखान्यात जायचंय का, ताई?" तिने नुसतंच नाही म्हटलं.

बंद पडलेल्या एका शाळेत सेट लावला होता. फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा घातला. "मॅडम, आत शॉट चालूय."

"माझी मुलगी आहे आत."

"म्हणूनच तर सोडता येत नाही."

तिने त्याला ढकललं. आयुष्यात तिने कोणाला ढकललं नव्हतं. तो बिचारा बाजूच्या कुंडीवर जाऊन बसला. ती लांबच लांब व्हरांड्यातून धावत सुटली. आतून आवाज येत होता आणि तो ठमीचा आहे हे ओळखायला तिला एक क्षण लागला, कारण असा आवाज ठमीच्या गळ्यातून तिने कधी ऐकलाच नव्हता.

वर्गाच्या दारात ती पोचली तेव्हा आत वीसएक माणसं चिडीचूप उभी होती. दिवे होते, कॅमेरा होता. फळ्याजवळ पिवळ्या फ्रॉकमध्ये ठमी. आणि कोणी तरी, बहुधा मेकअपवाली, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"ठमे!"

आवाज थांबला. ठमीने वळून पाहिलं. रीळबाईला वाटलं, आता पोर धावत येईल. पोर आली नाही. फळ्याला पाठ लावून मागे मागे सरकली.

"गाडीखाली आलीस ना तू?" ती म्हणाली.

रीळबाईने तिला उचललं. ठमीचं अंग लाकडासारखं ताठ होतं. तिने आईच्या मानेवरचा तीळ बोटाने चाचपला, मग कुजबुजत विचारलं, "आपल्या मांजरीला आपण काय म्हणायचो?"

"चहाटळ. चहाटळ म्हणायचो, बाळा."

तेव्हा कुठे त्या लाकडाचं पुन्हा पोर झालं.

सर शांतपणे पुढे आले. "झालं, झालं. शॉट मिळालाय. थोड्या वेळाने ती विसरेल, बाळ. मुलं विसरतात."

"ती दातांची डॉक्टर विसरलेली नाही."

सरांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "तिच्या रडण्यावर तूच लिहिलंस ना? सगळ्यात खरं लहानपण. मग ते कुठून येतं असं वाटलं होतं तुला?"

रीळबाई लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडली.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर आणखी एक मुलगी बसली होती. तसाच पिवळा फ्रॉक, तशीच वेणी. शेजारी तिला सोडायला आलेला तिचा बाप तिच्या बुटांचे बंद बांधत होता. ठमीला नाहीच जमलं तर असावी, म्हणून ही दुसरी बोलावून ठेवलेली. रीळबाईने धाप टाकत त्याला सगळं सांगितलं. आत काय करतात, कानात काय सांगतात. बापाने नीट ऐकून घेतलं, हुंदके देणाऱ्या ठमीकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात विचारलं,

"म्हणजे... हिचं काम चांगलं झालं का?"

तेवढ्यात सहायिका दारात आली. सरांना खबरदारी म्हणून तोच शॉट आणखी एकदा हवा होता, दुसऱ्या मुलीवर. बाप उठला, लेकीचा फ्रॉक सारखा करायला लागला.

रीळबाई त्या मुलीसमोर खाली बसली. ठमी तिच्या गळ्यात तशीच लटकलेली. "हे बघ," ती म्हणाली. "आत गेलीस की ते आजोबा तुला सांगतील, तुझे बाबा मेले. ते खोटं असणार आहे. बाबा इथंच आहेत, या बाकावर. कळलं? काहीही सांगू देत, बाबा इथंच आहेत."

मुलीने बापाकडे पाहिलं. "हो बाबा?"

बापाचे हात फ्रॉकवरच थांबले. "हो," तो म्हणाला.

मुलगी आत गेली आणि जरा वेळाने हसत बाहेर आली. म्हणाली, त्यांनी सांगितलं आणि मी म्हटलं, खोटं! त्या दिवशी सरांनी काम लवकर आटोपलं. कोणावर आवाज चढवला नाही.

रीळबाईने सगळं लिहून काढलं, रिळांतल्या चित्रांसकट. डॉक्टरने पहिल्यांदाच स्वतःच्या नावानिशी तोंड उघडलं. थोडा गाजावाजा झाला. काहींनी सरांना नावं ठेवली, पुष्कळांनी म्हटलं, जुन्या काळी असंच करायचे हो, आणि कला म्हटली की चालायचंच. वकिलाने सांगितलं, परवानगी तुम्हीच दिली होती, फार काही होणार नाही. ठमीचा बाबा सुट्टी टाकून घरी आला. रोज रात्री ठमीला तोच झोपवायला लागला.

वर्षाच्या आत सिनेमा आला. ठमीचं रडणं त्यात होतंच. बस थांब्यांवर तिचा चेहरा लागला, माणसाहून मोठा, तोंड उघडं, डोळे मिटलेले. शाळेला जायचा रस्ता बदलला, तर तिथेही तोच चेहरा. शाळेच्या फाटकाशी एक बाई रीळबाईचे हात हातात धरून म्हणाली, "काय रडलीय हो तुमची पोरगी! अगदी खरं वाटतं!"

ठमी खाते, खेळते, जिन्याच्या कठड्यावरून घसरते. फक्त आई घराबाहेर निघाली की दाराशी येऊन उभी राहते. परवा रीळबाई कोपऱ्यावर दूध आणायला निघाली होती, तेव्हा ठमीने विचारलं,

"कोणी सांगितलं की तू मेलीस, तर मी काय करायचं?"

"विश्वास ठेवायचा नाही. मला फोन करायचा."

ठमीने विचार केला.

"आणि तू उचलला नाहीस तर?"

रीळबाईने हातातली रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि ती घरातच बसून राहिली.