खासगी निवास

जर्सी सिटीतलं आमचं घर १८७४ मध्ये चहाच्या एका इंग्रज व्यापाऱ्यानं बांधलं. लंडनच्या घरांसारखं अरुंद, तीन मजली, विटांचं. पुढे तिथे दातांचा दवाखाना झाला, मग रेल्वे कामगारांना खोल्या भाड्यानं दिल्या, मग विम्याचं ऑफिस आलं. १९९९ मध्ये आम्ही घेतलं. हे सगळं पितळी पाटीवर लिहून दाराशेजारी लावायचं शहराच्या वारसा समितीनं ठरवलं. मजकूर आला. शेवटची ओळ होती, ‘१९९९ पासून खासगी निवास.’

समितीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, ओळ चुकली आहे. पुढच्या खोलीत बारा वर्षं दर रविवारी मराठी शाळा भरायची. माझी बायको नीला शिकवायची. ती मार्चमध्ये गेली.

बाई भल्या होत्या. कागद दाखवा, ओळ घालते, म्हणाल्या.

कागद नव्हता. घरात शाळा चालवायला परवानगी लागते. नीलानं अर्ज भरला होता, मी पाठवू दिला नाही. आमचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. उगाच सरकारच्या नजरेत कशाला यायचं, म्हणालो. कुणी विचारलं तर वाढदिवस आहे म्हणायचं, असं मुलांनाही पढवून ठेवलं. दाराला फुगे मीच बांधायचो. शेजारच्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलंही, तुम्हाला मुलं आहेत तरी किती?

आता जुन्या पालकांना फोन केले. अकरा जणांनी पत्रं दिली. ती समितीकडे पोचवली.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. घराच्या फाइलमध्ये २००९ चं एक पत्र सापडलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. या घरात कोणतीही शाळा चालत नाही. रविवारी नातेवाईक येतात. माझी पत्नी गृहिणी आहे. खाली माझी सही.

कुणीतरी तक्रार केली होती, त्यावर शहराकडून आलेल्या नोटिशीचं ते उत्तर. टाइप करून मी नीलाला वाचायला दिलं होतं. चष्मा लावून तिनं ते दोनदा वाचलं.

“मग बारा मुलांच्या वह्या तपासायच्या पडल्यात, त्या कोण तपासतं, तेही लिहा की,” ती म्हणाली.

मी म्हटलं, पाकिटाला तिकीट लाव. तिनं लावलं.

ते पत्र खोटं होतं, असं मी समितीला लिहून दिलं. समितीनं कळवलं, मालकाची दोन विधानं जुळत नाहीत, सबब मजकूर आहे तसाच राहील. आमचा मुलगा अक्षत बॉथेलहून फोनवर म्हणाला, “बाबा, लेट इट गो. आम्हाला माहितीये ना.”

गुरुवारी पाटी लावायला माणूस आला. भिंतीत भोकं पाडून झाल्यावर त्यानं संमतीचा कागद पुढे केला. मी सही केली नाही. दातांच्या डॉक्टरचं नाव आहे, विमा कंपनीचं आहे, माझ्या बायकोचं नाही, तर पाटी परत न्या, म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि पाटी गाडीत टाकली. भोकं बुजवायचं काम आपलं नाही, म्हणाला.