धर्माची खोली

रघुचा मेसेज एकाच ओळीचा होता. ‘मॅडम, पोलीस तुमचा कागद घेऊन आलेत, तुम्ही बोललेलात नाव येणार नाही.’ दमयंतीने लगेच रघुला फोन लावला, तर तो बंद. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि ती तशीच उठून विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली.

दमयंती विद्यापीठात संशोधन करत होती आणि तिचा विषय होता ऑनलाइन फसवणुकीत अडकलेली विशीतली पोरं. लालबागच्या चाळीतला रघु त्यातलाच एक. त्याने स्वतः कुणाला गंडवलं नव्हतं. लोअर परळच्या एका चकाचक ऑफिसातल्या माणसाला त्याने आपलं बँकेचं खातं वापरायला दिलं होतं, आणि लुबाडलेला पैसा त्यातून पुढे सरकत होता. नाव कुठेही येणार नाही, या दमयंतीच्या शब्दावर तो तिच्यापाशी बोलला होता.

“सर, माझ्या अहवालाचा मसुदा पोलिसांना कुणी दिला?”

कारखानीस सरांनी चष्मा काढून पुसला. अडचणीचा प्रश्न आला की या माणसाला नेमकी काचेवर धूळ दिसते. “परिसंवादाला एक अधिकारी आले होते. त्यांनी मागितला. आपल्या कामाचा समाजाला उपयोग नको का? आणि नावं तू बदललीच आहेस की.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” सर म्हणाले, आणि वर हसले. परिषदेत टाळ्या घ्यायला तिची पोरं हवीत, निस्तरायची वेळ आली की हात वर. चष्म्यासकट ते टेबल उलथून टाकावं असं दमयंतीला वाटलं. ती दार आपटून निघाली.

पण पोलीस रघुपर्यंत पोचले कसे, हे तिला कळेना. टोपणनाव ज्याचं त्याने निवडायचं, ही तिची कामाची रीत. रघु म्हणाला होता, “धर्मा टाका. आजोबांचं नाव. गिरणीत होते, संपानंतर गेले.” तिला ते आवडलं होतं. तिने तेच ठेवलं. अहवालात लालबागची ही चाळ होती, पण रघुचं नाव कुठेच नव्हतं.

चाळीच्या जिन्यापाशी शेजारचे धोंडूकाका भेटले. स्वारी खुशीत होती. “अगो, एक सायब धर्माची खोली विचारत इलो होतो. हातात कागद. म्हटलं, गिरणी कामगारांच्या घरांचीच चौकशी आसतली. मीच वर नेलंय त्याका.”

दमयंती पायरीवरच थांबली. माणूस मरून जातो, पण चाळीत खोली त्याच्याच नावाने चालू राहते. परळला तिच्या स्वतःच्या घराला लोक अजून रामचंद्राची खोलीच म्हणतात, आणि वडील जाऊन किती काळ लोटला. हे कारखानीसांना ठाऊक नसेल, तिला चांगलं ठाऊक होतं. गिरण्यांच्या जमिनी विकून खाल्ल्या, त्यांवर मॉल उठले, आणि इथली माणसं मेलेल्याच्या नावावर एक घर लागेल म्हणून अजून वाट बघतात. कागद घेऊन मेलेल्या कामगाराचं नाव विचारणारा माणूस त्यांच्या लेखी एकाच कामासाठी येतो. आता तिचा संताप एकट्या सरांवर नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

वर खोलीत रखमाआजीने, रघुच्या आजीने, तिला बघताच तळहातावर साखर ठेवली. “बस गो बाय. तुझ्याच कागदात ह्यांचा नाव होता, सायब सांगी होतो. आधार मागल्यान, तर मी बँकेचा पुस्तकय काढून दिलंय. रघु नको नको म्हणा होतो. मीच ओरडलंय त्याका. सही करूक घेऊन गेलेत, येतलो आता.”

साखर मुठीत चिकट झाली. काही न बोलता सटकता आलं असतं. सरांनी तेच केलं असतं.

“आजी, तो घराच्या कामाचा माणूस नव्हता. पोलीस होता. रघुला पकडलंय. माझ्या लिहिण्यामुळे.”

आजीने साखरेच्या डब्याला झाकण लावलं. 

“संपात पोलीस ह्यांका शोधूक इले होते,” ती म्हणाली. “हे पोटमाळ्यार. मी ह्याच दारात सांगलंय, गावाक गेले म्हणान. सगळी चाळ तसाच सांगी होती. एकान तोंड उघडल्यान नाय. आणि आज सगळ्यांनी खरा सांगल्यानी.”

तिने दमयंतीची मूठ उघडली, साखर काढून घेतली आणि मोरीत टाकली. मग दाराआडच्या चपला पायात सरकवल्या.

“चल पोलीस ठाण्यात. सांग, कागदातलो धर्मा तो रघु नाय,” ती म्हणाली. “आता खोटा तू बोल.”