चार फुटांवरचा हात

एक लाल चप्पल. डाव्या पायाची. रुळांखालच्या गवतात.

विशी ओलांडली की माणसाची उंची वाढत नाही.

मूठभर भुसा, फुंकर मारून उडवलेला.

हनुवटीला तीन टाके.

सोनेरी कागदाच्या चाळीस टोप्या.

"मी." एवढंच. एक अक्षर.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. क्रमाने सांगायला गेलो की मला अजून धाप लागते, आणि लाकडाला धाप लागणं ही काही साधी गोष्ट नव्हे. तरी प्रयत्न करतो.

फळीतून कापलेला विदूषक मी. वय तेहतीस. पायापासून टोपीच्या शेंड्यापर्यंत सहा फूट, पोटावर पिवळे ठिपके, तोंड या कानापासून त्या कानापर्यंत हसरं. ते तसंच रंगवलेलं असल्यामुळे मला कितीही मोठा धक्का बसला तरी हसतच बसावं लागतं. उजवा हात बाजूला सरळ पसरलेला, तळवा खाली, जमिनीपासून बरोबर चार फुटांवर. छातीवर लिहिलंय: ‘डोकं माझ्या हाताला लागलं तर बस. नाही तर पुढच्या वर्षी ये.’

मला घडवलं आबांनी. आबा म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, पण मूळचे सुतार. त्यांनी सहा लाकडी घोडे केले, ते एका चक्राला जोडले आणि मोकळ्या मैदानात नेऊन ठेवले. कंपनीचा पहिला टप्पा तो. वीज नव्हती. आबा स्वतः चक्र ढकलत गोल गोल धावायचे आणि मुलं घोड्यांवर बसून त्यांना "अजून जोरात!" म्हणून ओरडायची. खरा घोडा कोण होता, हे तुम्हीच ठरवा.

सातव्या वर्षी विजेवर चालणारा आकाशपाळणा आला. तो दुसरा टप्पा, आणि त्याच्यासोबत मी आलो. आबांनी मला उभं केलं, मोजपट्टी लावली, हात चार फुटांवर आहे ना ते तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "कुणी रडो, कुणी हसो, तू हलायचं नाहीस."

मी हललो नाही. निदान मला तसं वाटत होतं.

मित्रांनो, मला पाठही आहे. पुढून मी सगळ्यांचा आणि मागून फक्त घरच्यांचा. आबांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, मुलगी चार वर्षांची. दर वाढदिवसाला आबा त्यांना माझ्या पाठीला टेकवून उभं करत, डोक्यावर सपाट फळी ठेवत आणि सुताराच्या पेन्सिलीने रेघ मारत. रेघेशेजारी वय. मुलगा मोठा होऊन दादा झाला, मुलगी ताई झाली. विसाव्या वर्षी दोघांची शेवटची रेघ मारून आबा म्हणाले, "झालं. आता फक्त रुंद व्हा."

अठराव्या वर्षी ‘झेप’ आली. तिसरा टप्पा. रुळांवरून वर चढणारी, वळणावर कलंडणारी, पोटात गोळा आणणारी गाडी. मला तिच्या दाराशी आणून उभं केलं. गाडी चालवायला आणि थांबवायला एक उंच, अबोल माणूस ठेवला. तो दिवसभर दांड्यावर हात ठेवून बसे. मुलं त्याला गाडीवाले काका म्हणत, घरचे नुसतंच गाडीवाला. प्रत्येक मूल आधी माझ्या हाताखाली उभं करायचं आणि मगच आत सोडायचं, हेही त्याचंच काम. बावीस वर्षं त्याने ते काम केलं. माझं त्याच्याशी एकदाही बोलणं झालं नाही, तरी इतका जवळचा मला दुसरा कुणी नव्हता.

पुढे ताई कचेरी पाहू लागली आणि दादा यंत्रं. ताईच्या हाताला शाई, दादाच्या हाताला वंगण. चौथा टप्पा म्हणजे वर्तमानपत्रात आलेला फोटो. दादाची मुलगी चणीने बारीक, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. सातव्या वाढदिवसाला तिला ‘झेप’मध्ये बसायचं होतं. डोकं माझ्या हाताच्या बरंच खाली राहिलं. ती भोकाड पसरून रडली. आबा तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी, बाळा." फोटोखाली छापलं होतं: ‘नातीलाही नियम तोच’. ताईने तो कागद चौकटीत घालून तिकीट खिडकीवर लावला. आईबाप त्याकडे बोट दाखवत आणि निर्धास्तपणे पोरांचा हात सोडत.

आठव्या वाढदिवसालाही तेच. तीन फूट नऊ. पुढच्या वर्षी.

आता भुसा.

मागच्या वर्षी मुंगीच्या नवव्या वाढदिवसाच्या सकाळी, फाटक उघडायच्या आधी, आबा एकटेच आले. चेहरा उतरलेला. चारच दिवसांनी त्यांच्या छातीची शस्त्रक्रिया होती. त्यांनी मला आडवं केलं आणि पुटपुटले, "पायाला ओल लागलीय तुझ्या. जरा साफ करतो." करवत चालली. मला वाईट वाटलं नाही. दुखणं काढून टाकायला घडवणाऱ्याचा हात यावा, याहून मोठं भाग्य कोणतं? त्यांनी भुसा फुंकला, कापलेल्या जागेवर रंग दिला आणि मला पुन्हा उभं केलं.

दुपारी मुंगी आली. डोकं माझ्या हाताला लागलं! नुसतं लागलं नाही, चांगलं टेकलं. पाठीवरची रेघही एका वर्षात साडेतीन इंच वर गेली.

"ही काय खाते गं हल्ली?" दादाने बायकोला विचारलं.

"माझं डोकं," ती म्हणाली.

सगळे हसले. आबा मात्र पाणी आणायला म्हणून उठले. मीही हसलो. मला दुसरं काही येतच नाही.

मग एक महिन्यापूर्वीची दुपार. सुट्ट्यांची गर्दी. एका मुलाचं डोकं माझ्या हाताला लागलं, गाडीवाल्याने त्याला आईशेजारी बसवलं, मांडीवरचा दांडा खाली ओढून दोनदा हलवून पाहिला. गाडी निघाली. वळणावर किंकाळी आली. ते मूल दांड्याखालून सरकलं होतं. आईने त्याचं मनगट धरलं होतं आणि ते अर्धं बाहेर लोंबत होतं. गाडीवाल्याने अंग झोकून देऊन गाडी थांबवायचा दांडा ओढला. गाडी थांबली. चप्पल खाली पडली, मूल पडलं नाही. हनुवटी तेवढी फुटली.

दवाखान्यात त्याची उंची मोजली. तीन फूट साडेदहा इंच.

ताईने गाडीवाल्याला माझ्यासमोरच उभं केलं. "मोजलं नव्हतंत."

"मोजलं होतं, ताई. डोकं लागलं होतं हाताला."

"मग दवाखान्याची मोजपट्टी खोटी?"

"ते मला माहीत नाही. मी मोजलं होतं."

"म्हणजे काय, हा विदूषक खोटं बोलतो?" दादा म्हणाला.

यावर आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. अशक्यच होतं ते! आबा बाकावर बसले होते. ते खाली बघत राहिले. गाडीवाल्याने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या पसरलेल्या हातावर अडकवली आणि निघून गेला.

मित्रांनो, डोकं लागल्याचं मला लख्ख आठवत होतं. केसांचा स्पर्शसुद्धा. पण तेहतीस वर्षांत मी कधी चुकलो नव्हतो, म्हणून मी काय केलं ठाऊक आहे? मी माझ्या आठवणीलाच खोटं ठरवलं. आणि त्या माणसाला मनातल्या मनात म्हणालो, ‘तूसुद्धा?’

कंपनीला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी ताईने फाटकापाशी एक भिंत सजवली. ‘आमच्या वाटचालीचे टप्पे’. लाकडी घोडा, आकाशपाळण्याचा पहिला दिवा, ‘झेप’च्या उद्घाटनाची कात्री, ते चौकटीतलं वर्तमानपत्र. मधोमध मी, पण पाठमोरा, म्हणजे पेन्सिलीच्या रेघा लोकांना दिसाव्यात. सगळ्यांच्या डोक्यावर सोनेरी टोप्या. दहा वाजता फाटक उघडायचं होतं आणि बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"दादा, तुझ्या विसाव्या रेघेला उभा राहा. फोटो काढते," ताई म्हणाली.

दादा टोपी काढून मला टेकला.

"टाचा उचलू नकोस."

"जमिनीवरच आहेत."

"मग रेघ कपाळाशी कशी आली?"

मुंगी टाळ्या पिटायला लागली. "बाबा वाढले! आत्या, बाबा वाढले!"

"या वयात पोट वाढतं बाळा, उंची नाही," ताई हसत म्हणाली. "सरक, मला बघू दे."

ती स्वतःच्या रेघेला टेकली आणि तिने डोक्यावर तळवा ठेवला. रेघ खाली होती. तितकीच. तिचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने मोजपट्टी मागवली. दादाने मला फिरवलं, पट्टीचं टोक जमिनीला लावलं आणि माझ्या हातापर्यंत नेलं.

तीन फूट दहा.

त्याने पुन्हा मोजलं. तीन फूट दहा.

मला काय झालं ते कसं सांगू? माझा हात हा माझा हात नव्हता. किती मुलं या हाताखालून गेली? रोज किती? वर्षभर? एखाद्याला अचानक कळावं की तो झोपेत लोकांना दरीकडे ढकलत होता, तसं मला झालं. आणि तोंड, मित्रांनो, तोंड हसतंच होतं.

"हे कुणी..." ताईने विचारलं.

"मी," आबा म्हणाले.

बाहेर रांगेतलं कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"ऑपरेशन होतं," आबा म्हणाले. "तिला दोन वर्षं सांगत होतो, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मला वाटलं, मला पुढचं वर्ष नाही. एका दिवसापुरतं कापलं. संध्याकाळी खाली पट्टी ठोकणार होतो. अंगात त्राणच राहिलं नाही. मग दवाखाना. परत आलो तेव्हा..." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तेव्हा कुणाला सांगायचा धीर झाला नाही."

"आणि त्या पोराला टाके पडले तेव्हा?" दादाचा आवाज चिरकला. "तुम्ही बाकावर बसला होतात, आबा. समोर. तो माणूस महिनाभर घरी बसलाय."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

मुंगीने टोपी काढली. "माझ्यासाठी कापला?" तिने विचारलं.

ताई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने कोरा कागद घेतला, त्यावर ‘झेप बंद आहे’ असं लिहिलं आणि स्वतः जाऊन तिकीट खिडकीवर चिकटवलं.

"अगं, आज? चाळीस वर्षांच्या दिवशी?" दादा म्हणाला.

"आजच. आणि त्यांना फोन लाव. मी बोलते. नको, आबा बोलतील."

आबा बोलले. गाडीवाला दुपारी आला. दाढी वाढली होती. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून माझ्या पायावरून बोट फिरवलं. कापलेली कड त्याला लागली. आबांनी हात जोडले तसे त्याने ते धरून खाली केले.

"मालक, बावीस वर्षं दांडा धरला. महिनाभर मी घरी बसून हात असा समोर धरून बघतोय. म्हटलं, खरंच मोजलं होतं का मी? पोरीला सांगून बसलो, बाबाची चूक झाली म्हणून."

"नोकरी तुमचीच आहे," ताई म्हणाली.

"नोकरी नको म्हणत नाही. पण आधी घरी चला. जे इथे बोललात ते तिच्यासमोर बोला."

"येतो," आबा म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

त्या दिवशी ताईने वर्तमानपत्राची चौकट उतरवली. तिथे तिने नवा टप्पा लावला, तिच्याच अक्षरात: ‘वर्ष एकोणचाळीस. उंची मोजणाऱ्या विदूषकाचे पाय आम्हीच दोन इंच कापले. वर्ष चाळीस. त्याची शिक्षा आमच्या गाडीवाल्याला दिली.’ लोक वाचून दचकतात. काही जण म्हणतात, असं कुणी भिंतीवर लावतं का? काही जण पुन्हा वाचतात.

‘झेप’च्या दाराशी आता लोखंडी खांब आहे. दर सोमवारी गाडीवाला त्याला मोजपट्टी लावतो आणि दादा शेजारी उभा राहून पाहतो. मी भिंतीपाशीच असतो. माझे पाय पुन्हा लांब करायला आबा तयार होते, पण ताईने नको म्हटलं. पावसाची झड येते, पोटावरचे ठिपके उडालेत, हाताच्या खाली कोळ्याने जाळं विणलंय. माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे. आम्हा वस्तूंना रंग द्या, पुसा, ओलीत ठेवू नका, हे तर आहेच. पण ज्याच्यावर तुम्ही डोळे मिटून विश्वास टाकता, त्याला अधूनमधून डोळे उघडून मोजा. मग तो लाकडाचा असो की घरचा. आणि एखादा गरीब माणूस ‘मी मोजलं होतं’ असं दोनदा सांगत असेल तर हसण्याआधी मोजपट्टी आणा.

त्या नवव्या वाढदिवसाला मुंगी ‘झेप’मध्ये बसली नव्हती. माझ्या हाताखालून पुढे गेली, गाडी पाहिली, आणि भीती वाटली म्हणून परत आली.