चित्रावरची चकाकी

चित्राचा फोटो पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता, आणि साडेतीन वाजून गेले तरी थोरल्या सुनेच्या फोनमध्ये एकही धड फोटो नव्हता. प्रदर्शनाची निवड समिती मूळ चित्र बघणारच नव्हती. फोटोवरूनच ठरवणार होती. चित्र तैलरंगाचं, वर व्हार्निशचा हात. खिडकीशी ठेवलं की मधोमध पांढरा चट्टा उमटे, दिवा लावला की सगळं कावीळ झाल्यासारखं पिवळं.

उजेड बाजूने घ्यायचा आणि फोनच्या मागे कुणीतरी काळी चादर धरायची, म्हणजे चकाकी जाते, हे तिला ठाऊक होतं. पण धरणार कोण? नवरा कामावर, जाऊ माहेरी. घरात एकटे सासरे. आणि नेमकं त्यांनाच ते चित्र दाखवायचं नव्हतं.

जन्मभर शिंपीकाम केलेल्या त्या माणसाला तिनं न विचारता रंगवलं होतं. मशीनवर वाकलेले, सुईत दोरा ओवायला धडपडणारे. चार महिने चित्र कपाटामागे होतं, भिंतीकडे तोंड करून.

चार वाजले. उजेड उतरायला लागला. शेवटी मनाचा हिय्या करून तिनं बाबांना हाक मारली. ते आले, चादर घेतली, सांगितल्या जागी उभे राहिले. आता चित्र अगदी त्यांच्या समोर होतं. तिनं मागे वळून पाहिलंच नाही. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, कडा सरळ करून घेतल्या. चट्टा गेला होता, पण चादर हलत होती.

"डावा खांदा उतरलाय," मागून आवाज आला.

"चुकलं का, बाबा?"

"चाळीस वर्षं एका अंगावर वाकलो, उतरणारच. माप बरोबर घेतलंस. काढ लवकर, हात भरून आलेत."

तिनं पाठोपाठ सहा फोटो काढले. शेवटच्यात दोरासुद्धा स्पष्ट दिसत होता. फाइल जड म्हणून दोनदा परत आली. लहान करून पाठवली तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं होती.

पुढचे तीन आठवडे तिच्या जिवाला चैन नव्हतं. मग निरोप आला, चित्र प्रदर्शनात लागणार. तिनं भीतभीतच बाबांना सांगितलं.

"म्हणजे आता लोक बघणार," एवढंच ते म्हणाले.

खूश झाले की रागावले, तिला कळेना. उद्घाटनाच्या दिवशी मात्र घरातल्या सगळ्यांच्या आधी तेच तयार होऊन दारात उभे होते.