मशीन घसरली

मी एक जुनी ड्रिल मशीन आहे, मित्रांनो. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. जन्मल्या जन्मल्या कारखान्यातल्या माणसाने मला काळ्या दगडावर धरलं आणि खटका दाबला. दगड फुटला, मी नाही. तेव्हापासून भिंत दिसली की माझा पोलादी दात शिवशिवतो. तुम्ही त्याला बिट म्हणता, मी दातच म्हणते.

मला विकत घेतलं संहिताने. ही मूळची जळगावची, नोकरीसाठी इंदूरला आली आणि बडा गणपतीच्या देवळापाशी खोली घेऊन राहिली. नोकरीत बॉसचं ऐकून कंटाळली, तेव्हा स्वतःचं काम सुरू केलं. छोट्या ऑफिसांत सर्व्हर बसवायचा, टेबलाटेबलापर्यंत केबल न्यायची, सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे. केबल न्यायची तर भिंती फोडाव्या लागतात, आणि तिथे माझं राज्य. "चल बाई, लाग कामाला," असं म्हणून ती मला उचलायची. एकदा एका भिंतीत लपलेली चालू वायर माझ्या दातात आली. निळा जाळ उठला, संहिता स्टुलावरून खाली आपटली, मी भिरभिरत कोपऱ्यात. ती उठली ती आधी मला चाचपायला, मग स्वतःचा गुडघा बघायला. असं माणूस मिळायला नशीब लागतं.

तर एकदा आम्हांला इंदूरच्याच पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातून बोलावणं आलं. अप्पासाहेबांचा पंप बनवण्याचा कारखाना होता. अप्पासाहेब म्हातारे, त्यांचे दोन मुलगे अच्युत आणि विक्रांत. थोरला अच्युत देपालपूरकडची शेतकरी गिऱ्हाइकं बघायचा, धाकटा विक्रांत शहरातली. दोघांनाही वाटायचं, दुसरा ऑर्डरी लपवतो. आणि त्यांची भांडणं म्हणजे नुसती तू-तू मैं-मैं नव्हे. खुर्च्या उडायच्या. एकदा काचेचा पेपरवेट सुटला आणि मधल्यामध्ये बिचाऱ्या चहावाल्याच्या भुवईला टाके पडले. शेवटी दोघांनी ऑफिसच्या बरोब्बर मध्ये विटांची भिंत घातली. ती अप्पासाहेबांच्या टेबलाला येऊन टेकली. म्हाताऱ्याचा एक पाय या मुलाकडे, दुसरा त्या मुलाकडे.

"संहिता बेटा, एकच सर्व्हर लाव," अप्पासाहेब म्हणाले. "एकाने ऑर्डर टाकली की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसली पाहिजे. शक जाईल तर झगडा जाईल. नाहीतर हे दोघं कारखान्याचे दोन तुकडे करणार, आणि मी काही ते बघायला जगणार नाही."

काम सोपं होतं, पण माणसं कुठे सोपी असतात? या दोघांच्या डोक्यात बसलं होतं की सर्व्हर म्हणजे तिजोरी. ज्याच्या खोलीत पेटी, तो मालक. संहिताने परोपरीने सांगितलं, "अहो, डबा कुठेही ठेवा, दोघांना सारखंच दिसणार आहे." उलट ज्याच्या खोलीत तो बसेल, त्याला त्याची घरघर आणि गरमी फुकटात. पण पालथ्या घड्यावर पाणी. अच्युतच्या खोलीत अर्थिंग चांगलं होतं, म्हणून सर्व्हर तिथे बसला. विक्रांत उठून भिंतीपलीकडे आपल्या खोलीत निघून गेला. तिथेच भांडला असता तर बरं झालं असतं.

मग भिंतीला भोक पाडायची वेळ आली. संहिता अच्युतच्या बाजूने स्टुलावर चढली आणि मला भिंतीला लावलं. विटा कच्च्या होत्या, मी दोन घासांत आरपार गेले. खरं सांगू, भावाभावांमधली ती भिंत फोडताना मला फार आनंद झाला.

आणि तेवढ्यात अच्युतने नारळ फोडला. सर्व्हरला टिळा लावला, हार घातला आणि धाकट्या भावाला न बोलावता नारळ फोडून मोकळा झाला. मुहूर्ताचा नारळ घरच्या माणसाला वगळून फोडायचा, म्हणजे तू घरचा नाहीस हे तोंडावर सांगायचं. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. त्याने खोबऱ्याची एक बारीक चीर काढली आणि मी पाडलेल्या भोकातून पलीकडे सरकवली.

"घे विक्रांत, प्रसाद घे," तो म्हणाला. "मागून वायर पण देतो. आता जे काही मिळेल, ते इथूनच."

विक्रांत भिंतीला वळसा घालून आला तो वादळासारखा. संहिताला त्याने स्टुलावरून ढकललं, मला तिच्या हातातून ओढलं आणि खटका दाबला.

"मतलब मी भीक मागू? मी? थांब, या डब्यालाच भोक पाडतो."

अच्युतने पाना उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड वाजलं. विक्रांत थांबला नाही, मला पुढे धरून सर्व्हरवर धावला. मी गरगरत होते, मित्रांनो. मला स्वतःचा ब्रेक नाही. माझं सगळं शहाणपण त्या खटक्यावरच्या बोटात. अप्पासाहेब कसे उठले, कसे मध्ये आले, कुणालाच कळलं नाही. त्यांनी सर्व्हरपुढे उजवा हात आडवा धरला.

वीट मला ठाऊक होती, दगड ठाऊक होता. माणसाचा तळहात मला त्या दिवशी कळला. तो फार मऊ असतो.

म्हातारा ओरडला. हारावर रक्त उडालं. विक्रांतने बघितलं, नीट बघितलं, आणि तरीही त्याचं बोट खटक्यावरून निघालं नाही. शेवटी खाली पडलेल्या संहिताने सरपटत जाऊन माझा प्लग उपटला.

दवाखान्यात पोलीस आला. संहिता तिथेच होती, मी तिच्या बॅगेत, रक्ताने माखलेली.

"बाबूजी, किसने किया?" पोलिसाने विचारलं.

दोन्ही मुलगे उभे होते. अप्पासाहेबांनी डोळे मिटले. "किसी ने नहीं," ते म्हणाले. "मशीन फिसल गई."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. पोलीस आणि मुलगे बाहेर गेल्यावर संहिता म्हणाली, "अप्पासाहेब, माझी मशीन खराब नाहीये. माझ्या कामाचं नाव जाईल."

"माहीत आहे बेटा," म्हातारा म्हणाला. "पण मशीनला ना बाप, ना भाऊ. तिच्यावर ढकललं तर कुणी तुटत नाही. विक्रांतने केलं ते तो स्वतः बोलेल एक दिवस. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे."

नेटवर्क पूर्ण झालं. ते मुकाट चालतं, कारखाना एकच राहिला, दोघं भाऊ दबक्या आवाजात बोलतात. अप्पासाहेबांची दोन बोटं वळत नाहीत, माऊस डाव्या हाताने धरतात. पोलोग्राउंडभर बोभाटा झाला की संहिताची मशीन घसरते. तिने नवी घेतली. मी बॅगेच्या तळाशी पडून असते. टाकत मात्र नाही ती मला.

परवा ती सर्व्हरची देखभाल करायला तिथे गेली. बॅग उघडली तेव्हा विक्रांतची नजर माझ्यावर पडली. तो वडिलांच्या हाताला मलम लावत होता. रोज लावतो, फार प्रेमाने लावतो.

"अरे, ही अजून ठेवली आहे?" तो म्हणाला. "फेकून द्या ना संहिताजी. घसरते ती. बाबांचा हात गेला हिच्यामुळे."

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. त्याला आता खरंच तसं वाटतं. अप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि हळूच आपला हात काढून घेतला.

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. राग आला की आधी हातातली वस्तू खाली ठेवा, मग काय भांडायचं ते भांडा. आणि हातून काही घडलंच, तर ते त्याच दिवशी आपल्या तोंडाने सांगा. आम्हां वस्तूंना पुसून ठेवलं की आम्ही पुन्हा कामाला येतो. त्या म्हाताऱ्याला मात्र आता ‘माझ्या हातून झालं’ हे कुणाच्याच तोंडून ऐकायला मिळायचं नाही.